पाठ केलेलें कोठें जातें ?

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघर एकच तक्रार ऐकूं येते. मुलगा म्हणतो, “काल रात्रीं सारें पाठ होतें, आज एक अक्षर आठवत नाहीं.” वडील म्हणतात, “ह्याला स्मरणशक्तीच नाहीं.” आई बदाम भिजत घालते. ‘मंद’ म्हणून एकदां शिक्का बसला कीं तो खुद्द मुलालाही खरा वाटूं लागतो, आणि मग पुस्तक उघडण्यापूर्वींच त्याचा धीर सुटलेला असतो. एवढा मोठा निकाल देण्यापूर्वीं स्मरण कसें होतें आणि कसें जातें, ह्याचा शोध ज्यांनीं आयुष्य वेंचून केला त्यांचें म्हणणें ऐकून घेणें न्यायाचें होईल. तेवढ्यासाठींच हा लेख आम्ही विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आपणां सर्वांची अशी समजूत असते कीं, मन म्हणजे एक कोठी आहे. वाचलेलें, ऐकलेलें, पाहिलेलें तींत नेऊन ठेवावयाचें आणि लागेल तेव्हां काढून आणावयाचें. कोणाची कोठी मोठी, कोणाची लहान. कोणाच्या कोठींत उंदीर फार. ही उपमा सोयीची आहे खरी. परंतु गेल्या सुमारें एकशें चाळीस वर्षांतील शोधांनीं ती जवळजवळ मोडीत काढिली आहे.

हे शोध शास्त्रीय रीतीनें प्रथम ज्यानें आरंभिले तो हर्मान एबिंगहाऊस (१८५०–१९०९) हा जर्मन पंडित. त्याच्या आधीं स्मृतीवर तत्त्वज्ञांनीं पुष्कळ लिहिलें होतें. पण कापड जसें गजानें मोजावें तशी स्मृति मोजतां येईल, हें त्यानें करून दाखविलें. अडचण उघड होती. मोजावयाचें म्हणजे सर्व नग सारखे पाहिजेत. एखादी कविता पाठ करावयास घेतली तर तिचा अर्थ, तिची चाल, तिच्याशीं जडलेल्या आठवणी ह्या सर्वांची मदत होते. आणि ती मदत किती झाली हें सांगतां येत नाहीं. म्हणून एबिंगहाऊसनें ज्यांना कांहींच अर्थ नाहीं असे तुकडे तयार केले. दोन बाजूंस दोन व्यंजनें आणि मध्यें एक स्वर, असे सुमारें २,३०० तुकडे. आपल्या लिपींत तसे तुकडे करावयाचे झाल्यास ‘ढिप्’, ‘गूझ्’, ‘फेठ्’, ‘थोब्’ असे कांहीं होतील. ह्या तुकड्यांच्या याद्या करून त्या तो घड्याळाच्या टिकटिकीच्या ठेक्यावर वाचीत असे, आणि यादी न अडखळतां म्हणतां आली कीं थांबत असे. परीक्षक तोच आणि परीक्षार्थीही तोच. १८७९–८० मध्यें आणि पुन्हां १८८३–८४ मध्यें त्यानें हें रुक्ष काम न कंटाळतां केलें, आणि १८८५ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तुकडे अर्थहीन होते, पण त्यांतून निघालेला अर्थ अजून पुरून उरला आहे.

त्याची मोजण्याची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. पाठ केलेली यादी कांहीं काळानें आठवते कीं नाहीं, एवढेंच तो विचारीत नसे. तो ती यादी पुन्हां पहिल्यापासून पाठ करी, आणि ह्या वेळीं किती वेळ वांचला तें पाही. समजा, पहिल्या खेपेस दहा मिनिटें लागलीं आणि दुसऱ्या खेपेस सहा. तर चार मिनिटें वांचलीं, म्हणजे शेंकडा ४० बचत झाली. ही बचत म्हणजेच मनांत शिल्लक राहिलेली स्मृति. आतां त्याचे आंकडे पाहा. सुमारें वीस मिनिटांनीं बचत शेंकडा ५८ उरली. एका तासानें ४४. सुमारें नऊ तासांनीं ३६. एका दिवसानें ३४, दोन दिवसांनीं २८, सहा दिवसांनीं २५, आणि एकतीस दिवसांनीं २१.

हे आंकडे मुलांनीं एकदां कागदावर रेघ काढून मांडावे. रेघ आरंभीं कड्यावरून कोसळावी तशी कोसळते, आणि पुढें माळरानासारखी जवळजवळ सपाट होते. पहिल्या एका तासांत निम्म्याहून अधिक गेलें. पण सहाव्या दिवसापासून महिन्याच्या अखेरीपर्यंत अवघें चार टक्के गेलें. ‘काल पाठ होतें, आज नाहीं’ ही मुलाची तक्रार खोटी नाहीं, आणि तिच्यांत लाजण्यासारखेंही कांहीं नाहीं. एका विद्वान् जर्मनाचीही हीच गत झाली. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. महिन्यानंतर शेंकडा २१ बचत उरली होती; म्हणजे जी यादी पार पुसली गेली असें वाटावें तीही पुन्हां पाठ करतांना पांचवा हिस्सा श्रम वांचवीत होती. ‘सारें विसरलों’ असें आपण म्हणतों तेव्हां बहुधा सारें गेलेलें नसतें. वर राख असते, खालीं निखारा असतो.

एका माणसानें स्वतःवरच केलेला प्रयोग जगानें काय म्हणून मानावा, अशी शंका चौकस विद्यार्थ्यास येईल, आणि ती योग्यच आहे. २०१५ सालीं ॲम्स्टरडॅम विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं हाच प्रयोग पुन्हां करून प्रसिद्ध केला. त्यांची रेघ एबिंगहाऊसच्या रेघेसारखीच निघाली.

अर्थ नसलेल्याच नव्हे तर अर्थपूर्ण मजकुराकडेही त्यानें पाहिलें होतें. बायरन ह्या इंग्रज कवीच्या काव्यांतील कडवीं त्यानें पाठ केलीं, तेव्हां तितक्याच लांबीच्या निरर्थक मजकुराच्या सुमारें एक-दशांश श्रमांत तीं पाठ झालीं. दहापट फरक ! मुलाला भूगोलाचा धडा समजला नसेल तर त्याच्या लेखीं तो धडा म्हणजे ‘ढिप्, गूझ्, फेठ्’ हीच यादी होय. अशा वेळीं स्मरणशक्तीला दोष देण्याआधीं धडा समजला होता काय, हें विचारावें. आणि हा प्रश्न आम्हां शिक्षकांनाही लागू आहे, हें आम्ही जाणतों.

आतां परीक्षेच्या आदल्या रात्रीचा विचार करूं. बारा तुकड्यांची एक यादी एबिंगहाऊसनें एका बैठकींत लागोपाठ ६८ वेळां घोकिली, तेव्हां दुसऱ्या दिवशीं ती थोड्याच आवर्तनांनीं बिनचूक म्हणतां आली. हाच परिणाम तीन दिवसांत वांटून केलेल्या ३८ आवर्तनांनीं साधला. काम जवळजवळ निम्मे, फळ तेंच. मध्यें गेलेले दिवस फुकट गेले असें आपल्याला वाटतें. पण मन त्या दिवसांत रिकामें बसलेलें नव्हतें.

हा नियम केवळ पंडितांच्या मनाचा आहे काय ? ह्याचें उत्तर एका समुद्रांतल्या गोगलगाईनें दिलें आहे. तिला शास्त्रज्ञ ‘एप्लिसिया’ म्हणतात. बाहेरून शंख न दिसणारा हा मऊ प्राणी. ह्याच्या सर्व शरीरांत मिळून सुमारें २०,००० मज्जापेशी, तर माणसाच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटी. एरिक कँडेल ह्या व्हिएन्नांत जन्मलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञानें ह्या क्षुद्र जीवाला आपला गुरु केलें, आणि त्याच कामाबद्दल २००० सालीं त्याला नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. एप्लिसियाच्या अंगावरील एका नळीला हलकेंच स्पर्श केला कीं ती आपले कल्ले आंत ओढून घेते. पण स्पर्श वारंवार होऊं लागला आणि त्यापासून कांहीं इजा होत नाहीं असें आढळलें कीं ती हळूहळू कल्ले ओढण्याचें सोडते. भिण्याचें कारण नाहीं, हें ती शिकते. १९७२ सालीं कँडेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं कांहीं गोगलगाईंना एकाच दिवशीं चाळीस स्पर्श केले, आणि कांहींना रोज दहा ह्याप्रमाणें चार दिवस. स्पर्शांची बेरीज दोन्हीकडे सारखीच. परंतु ज्यांना तो धडा चार दिवसांत वांटून मिळाला त्यांच्या ठिकाणीं तो कितीतरी अधिक पक्का राहिला. तीन आठवडे लोटले तरी त्याची खूण दिसत होती.

पुढील शोधांनीं ह्याचें कारणही बरेंचसें उलगडलें आहे. थोडा वेळ टिकणारी आठवण मज्जापेशींतील तात्पुरत्या फेरफारांवर भागते. चिरकाल टिकणाऱ्या आठवणीसाठीं मात्र पेशींना नवीं प्रथिनें तयार करावीं लागतात आणि पेशी-पेशींमधील जोडांची रचनाच बदलावी लागते. भिंतीचा एक थर सुकल्यावर गवंडी दुसरा चढवितो. एका दिवसांत सगळे थर चढविले तर भिंत फुगते. पोराला पहाटे तीनला उठवून सारा इतिहास एका दमांत घोकावयास लावणारे पालक ह्या गवंड्याहून अधिक घाई करीत असतात.

येथवर आम्ही ‘किती वेळां’ आणि ‘किती अंतरानें’ ह्यांविषयीं लिहिलें. ‘कसें’ हा प्रश्न राहिला, आणि आमच्या मतें विद्यार्थ्याच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोलाचा आहे. बहुतेक मुलें अभ्यास म्हणजे वाचन समजतात. एकदां वाचलें, दोनदां वाचलें, खालीं रेघा ओढल्या, पुन्हां वाचलें. १९१७ सालीं अमेरिकेंत आर्थर गेट्स ह्यानें शाळेंतील मुलांवर एक प्रयोग केला. कांहीं मुलांनीं सर्व वेळ वाचनांत घालविला. कांहींनीं थोडा वेळ वाचून उरलेला वेळ, पुस्तकांतून नजर काढून, वाचलेलें आपल्या मनाशीं म्हणण्यांत घालविला. अर्ध्याहून अधिक वेळ असा म्हणण्यांत घालविणारांना अधिक आठवलें. हा शोध पुढें बरींच वर्षें फारसा कोणाच्या लक्षांत राहिला नाहीं. स्मरणाविषयींचाच शोध विसरला जावा, हीही एक मौजच !

२००६ सालीं सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत रोडिगर आणि कारपिकी ह्या दोघांनीं तो विषय पुन्हां हातीं घेतला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय विषयावरचा एक लहान उतारा दिला. एका गटाला पांच-पांच मिनिटांच्या चार बैठकी वाचनासाठीं मिळाल्या. त्यांत उतारा सरासरी चौदा वेळां वाचून झाला. दुसऱ्या गटानें पहिल्या बैठकींत कायतें तीन-साडेतीन वेळां वाचलें, आणि पुढच्या तिन्ही बैठकींत उतारा पुढें न ठेवतां कोऱ्या कागदावर आठवेल तें लिहिलें. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली, तेव्हां वाचणारे पुढें होते : शेंकडा ८३, तर लिहिणारे ७१. आठवड्यानें दुसऱ्या विद्यार्थ्यांची, त्याच दोन रीतींनीं शिकविलेल्यांची, परीक्षा घेतली. वाचणारे ४० वर आले. लिहिणारे ६१ वर राहिले. आणखी एक गोष्ट त्यांनीं पाहिली. अभ्यास संपतांच ‘आठवड्यानें तुम्हांला किती आठवेल ?’ असें विचारलें असतां वाचणारांनाच आपल्याविषयीं अधिक खात्री वाटत होती.

ह्या शेवटच्या वाक्यावर विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें. चौदाव्या वाचनाच्या वेळीं प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि ओळख पटली कीं ‘आपल्याला येतें’ असा मनाचा समज होतो. परंतु ओळखणें वेगळें आणि आठवणें वेगळें. बाजारांत समोरून येणारा गृहस्थ ओळखीचा वाटतो. नांव मात्र ओठांवर येत नाहीं. परीक्षेच्या कागदावर ओळखण्यासारखें कांहीं नसतें, तेथें नांवच सांगावें लागतें. ‘सारें पाठ होतें’ म्हणणारा मुलगा अशा रीतीनें फसलेला असतो. तो लबाड नसतो. पुस्तक मिटून, अडखळत, डोकें खाजवीत, निम्मेंच आठवत केलेला अभ्यास मनाला अप्रिय वाटतो. पण आठवण ओढून काढण्याच्या त्या श्रमानेंच ती पक्की होते.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांतून संध्याकाळीं दिवा लागला म्हणजे मुलांना परवचा म्हणावयास बसवीत. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, वार, महिने, तिथि, नक्षत्रें आणि श्लोक. पुस्तक नाहीं, पाटी नाहीं, सर्व तोंडीं. आणि रोज थोडें. वरील दोन्ही नियम ह्या साध्या रिवाजांत आपोआप पाळले जात होते. परंतु आम्ही त्याची निष्कारण वाखाणणी करूं इच्छीत नाहीं. दहा मुलें एका सुरांत पाढे म्हणूं लागलीं कीं ज्याला येत नाहीं तो दुसऱ्यांच्या आवाजावर आपला आवाज टेकून पार पडतो. त्याच्या मनाला ओढून आणण्याचे श्रम पडतच नाहींत. आणि न समजतां केलेल्या घोकंपट्टीची किंमत किती, तें वर आलेंच आहे. परवचा एकेकानें म्हटला तर कामाचा.

आतां एका दुर्दैवी माणसाची हकीकत. अमेरिकेंतील हेन्री मोलेसन (१९२६–२००८) ह्याला लहानपणापासून फेफऱ्याचा विकार होता, आणि वयाबरोबर तो इतका वाढला कीं काम करणें अशक्य झालें. १९५३ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, विल्यम स्कोव्हिल ह्या शस्त्रवैद्यानें त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आंतील भाग कापून काढिला. ‘हिप्पोकॅम्पस’ म्हणून मेंदूंत जो वळलेला अवयव आहे त्याचा मोठा हिस्सा त्याबरोबर गेला. फेफरें पुष्कळ कमी झालें. बुद्धि शाबूत राहिली, बोलणें शाबूत राहिलें, लहानपणच्या पुष्कळ गोष्टी आठवत राहिल्या. पण त्या दिवसापासून नवें कांहीं त्याच्या मनांत ठरेना. मॉंट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनीं वर्षानुवर्षें त्याची तपासणी केली. पण दर वेळीं त्याच्या लेखीं त्या परक्याच असत. नुकतेंच जेवलेला तो जेवलों कीं नाहीं हें सांगूं शकत नसे.

मिल्नरबाईंनीं त्याला एक काम दिलें. दोन रेघांनीं काढलेला एक तारा, त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची. पण हाताकडे न पाहतां, समोरच्या आरशांत पाहून. करून पाहा म्हणजे कळेल. उजवीकडे नेऊं म्हटलें तर हात भलतीकडेच जातो. पहिल्या दिवशीं हेन्रीच्या पुष्कळ चुका झाल्या. तीन दिवस सराव केल्यावर तो तारा सफाईनें गिरवूं लागला. आणि तरीही, हें काम आपण पूर्वीं कधीं केलें होतें, ह्याची त्याला मुळींच आठवण नव्हती ! त्याचा हात शिकला होता. तो स्वतः शिकल्याचें विसरला होता. ‘स्मरणशक्ति’ हा शब्द एकवचनीं वापरणें बरोबर नाहीं, हें ह्या तीन दिवसांनीं उघड केलें. घडलेल्या प्रसंगांची आणि ऐकलेल्या माहितीची स्मृति वेगळी, आणि पोहण्याची, सायकलीची, अक्षर वळविण्याची स्मृति वेगळी. तोंडाचा हिशेब कच्चा असणारा मुलगा सुतारकामांत एकदां पाहून सांधा बसवितो, तेव्हां त्याला स्मरणशक्ति नाहीं असें म्हणणाराला कोणती स्मरणशक्ति अभिप्रेत असते, हें विचारण्यास हरकत नाहीं.

शास्त्रीय नियतकालिकांतून हेन्रीचा उल्लेख पन्नास वर्षें केवळ आद्याक्षरांनीं होत असे. २००८ सालीं तो निवर्तल्यावर जगाला त्याचें नांव कळलें. पुढच्या वर्षीं त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून अभ्यासासाठीं जपून ठेवण्यांत आले. त्याच्यावर जी शस्त्रक्रिया झाली ती त्या रीतीनें पुन्हां कोणावर करूं नये, हा पहिला धडा खुद्द स्कोव्हिलनेंच वैद्यांना सांगितला.

हाच हिप्पोकॅम्पस पक्ष्यांनाही असतो. आणि जे पक्षी अन्न लपवून साठवितात त्यांच्यांत तो इतर नातलगांच्या मानानें मोठा आढळतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत क्लार्कचा नटक्रॅकर ह्या नांवाचा, कावळ्याच्या कुळांतला एक पक्षी आहे. शरद् ऋतूंत तो पाइन झाडाच्या वीस हजारांहून अधिक बिया थोड्या थोड्या करून हजारों ठिकाणीं जमिनींत पुरतो, आणि हिवाळ्यांत व वसंतांत त्यांवर निर्वाह करितो. बर्फ पडून जमिनीचें रूप बदललें तरी त्याला जागा सांपडतात. वासानें सांपडत असतील ? १९८२ सालीं स्टीफन व्हँडर वॉल ह्यानें एक साधी युक्ति केली. पक्ष्यानें बिया पुरल्यानंतर त्या आवाराच्या एका बाजूच्या खुणेच्या वस्तु त्यानें वीस सेंटिमीटर सरकविल्या. त्या बाजूस पक्ष्याची चोंचही तेवढीच सरकली, आणि बी हुकली ! पक्षी वासावर चालत नव्हता, खुणा लक्षांत ठेवून चालत होता.

निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन ह्यांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्याहून नाजूक आहे. स्क्रब-जे हाही कावळ्याचाच भाऊबंद. त्याला अळ्या अधिक आवडतात, शेंगदाणे कमी. दोन्ही त्यानें वाळूंत लपविले. चार तासांनीं सोडलें, तर तो थेट अळ्यांकडे गेला. पण १२४ तासांनीं, म्हणजे सुमारें पांच दिवसांनीं सोडलें, तेव्हां अळ्या इतक्या काळांत कुजतात हें ज्यांनीं आधीं अनुभविलें होतें ते पक्षी शेंगदाण्यांकडे गेले. परीक्षेच्या वेळीं वाळू बदलून खाद्य काढून घेतलें होतें, त्यामुळें वास येण्याचा प्रश्नच नव्हता. काय, कोठें आणि केव्हां लपविलें, हीं तिन्ही त्यांच्या ध्यानांत होतीं. तो प्रसंग त्यांच्या मनापुढें आपल्यासारखा उभा राहतो कीं काय, हें मात्र पक्ष्याला विचारतां येत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ ह्याला ‘प्रसंगस्मृतीसारखी’ स्मृति म्हणतात, आणि तो सावधपणा आम्हांला आवडतो.

आपल्या स्मृतीला मात्र एक खोड आहे. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनें १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत ती दाखविली. त्यानें अमेरिकेंतील आदिवासींची भुतांच्या लढाईची एक कथा इंग्रज वाचकांना वाचावयास दिली, आणि कांहीं काळाच्या अंतरानें पुन्हां पुन्हां सांगावयास लाविली. कथेंतील होडगें साधी नाव झाली, जें चमत्कारिक वाटलें तें गळालें, आणि कथा हळूहळू इंग्रजी वळणाची झाली. सांगणारे सर्व प्रामाणिक होते. आठवतांना मन ठेवलेली वस्तु काढीत नसतें. उरलेल्या तुकड्यांवरून ती नव्यानें घडवीत असतें. १९७४ सालीं अमेरिकेंत एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर ह्यांनीं विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखविला. ‘मोटारी एकमेकींना लागल्या’ अशा शब्दांत प्रश्न विचारलेल्या ५० पैकीं सात जणांना आठवड्यानें फुटलेल्या कांचा आठवल्या. ‘मोटारींचा चुराडा झाला’ अशा शब्दांत विचारलेल्या ५० पैकीं सोळा जणांना. चित्रपटांत कांच मुळीं फुटलीच नव्हती. घरांत फुलदाणी फुटली असतां “कोणीं फोडलीस तूं ?” आणि “काय झालें ?” ह्या दोन प्रश्नांनीं मुलाकडून दोन वेगळ्या आठवणी निघूं शकतात. पालकांनीं ह्याची जाण ठेविली तर पुष्कळ मुलांवरचा खोटेपणाचा आरोप टळेल.

झोपेसंबंधीं दोन शब्द. १९२४ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत दोघां विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. दहा तुकडे पाठ करून आठ तास झोपल्यावर त्यांना सरासरी पांच-सहा तुकडे आठवत. आठ तास जागून इतर उद्योग केले तर जेमतेम एक. दोनच विद्यार्थी, म्हणून हा पुरावा तोकडा आहे. पण त्यानंतर झालेल्या पुष्कळ प्रयोगांचा कल त्याच दिशेस आहे.

ज्या मुलांना हें सारें स्वतः पडताळून पाहावयाचें असेल त्यांच्यासाठीं एक प्रयोग सुचवितों. घरांतील मोठ्या माणसाकडून दहा-दहा निरर्थक तुकड्यांच्या तीन याद्या लिहून घ्याव्या. तुकडे कोठल्याही ओळखीच्या शब्दासारखे नसावे. पहिली यादी बुधवारीं एकदम बारा वेळां वाचावी. दुसरी यादी सोमवारीं, मंगळवारीं आणि बुधवारीं चार-चार वेळां वाचावी. तिसरी यादीही त्याच तीन दिवशीं घ्यावी. पण रोज एकदां वाचून नंतर ती झांकावी, आणि तीन वेळां आठवेल तेवढी लिहून मग पडताळून पाहावी. वेळ रोज एकच असावी. प्रयोग संपतांच कोणती यादी अधिक आठवेल तें अंदाजानें लिहून ठेवावें. मग पुढच्या बुधवारपर्यंत याद्यांकडे पाहूं नये, आणि त्या दिवशीं तिन्ही कोऱ्या कागदावर उतरवाव्या. आईवडिलांनींही तेच तुकडे पाठ करावे. मुलांना त्यांत फार उत्साह वाटेल. एका मुलाच्या आंकड्यांवरून कांहीं ठरत नसतें, म्हणून वर्गांतील सर्वांचे आंकडे एका वहींत मांडून त्यांची सरासरी काढावी आणि ज्यांचा अंदाज चुकला त्यांची संख्या निराळी लिहावी.